मुर्डीचे रँग्लर आणि लाप्लासचे समीकरण

आपल्यापैकी बहुतेकांनी रँग्लर परांजपे हे नाव पहिल्यांदा वाचले ते सामान्यज्ञानाच्या पुस्तकात. 'पहिले भारतीय सीनियर रँग्लर कोण?' एका ओळीचा प्रश्न, एका ओळीचे उत्तर. रँग्लर म्हणजे काय, हे त्या पुस्तकात नव्हते आणि आपणही विचारले नाही. हे गृहस्थ आपल्या शेजारचे आहेत, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नव्हते. आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला आपण सगळेच कधी ना कधी गेलो आहोत. त्या आंजर्ल्याला लागून असलेले मुर्डी हे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे गाव. १६ फेब्रुवारी १८७६ ही त्यांची जन्मतारीख. तेव्हा मंडणगड हा स्वतंत्र तालुका नव्हता, दापोली तालुक्यातला एक पेटा होता. म्हणजे त्या काळाच्या हिशेबाने परांजपे आपल्याच तालुक्यातले.

या स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी थोडा इतिहास लिहायचे ठरवले. विषय जरा वेगळा वाटेल, पण आपल्या गणिताच्या सरांना तो आवडेल अशी आशा आहे. इंजिनीअरिंगला असताना आम्हाला 'हार्मोनिक फंक्शन' नावाचा एक धडा होता. मुंबई विद्यापीठाच्या पेपरात त्यावर हमखास प्रश्न यायचा. मिल्न-थॉमसन पद्धत वापरायची, चार ओळी मांडायच्या, पूर्ण गुण घ्यायचे. हे समीकरण कुठून आले, कोणी कशासाठी सोडवले, आपल्याकडे ते कसे पोहोचले, यातले काहीच परीक्षेला नव्हते. पुढे नोकरीत याच समीकरणांशी रोज संबंध येऊ लागला तेव्हा मी त्याचा मागोवा घेत गेले. या गोष्टीत आपला कोकण सुरुवातीपासून आहे, हे तेव्हा कळले.

समीकरण काय सांगते

आधी गणित, अगदी थोडे. लोखंडाचा एक चौकोनी पत्रा घ्या. त्याच्या चारही कडांचे तापमान आपण ठरवून कायम ठेवले. बराच वेळ गेल्यावर आतल्या प्रत्येक बिंदूचे तापमान स्थिर होईल. ते किती असेल? याचे उत्तर देणारे समीकरण लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. त्याचा अर्थ सातवीतल्या मुलालाही सांगता येतो: प्रत्येक बिंदूचे तापमान हे त्याच्या भोवतालच्या तापमानांची सरासरी असते. ज्या फलात हा गुण असतो ते हार्मोनिक फंक्शन.

संगणकावर एक्सेल उघडून हे करून बघता येते. चौकोनी रकान्यांच्या कडेच्या घरांत हवे ते आकडे भरा. आतल्या प्रत्येक घरात 'वरचे, खालचे, डावे, उजवे या चार घरांची सरासरी' असे सूत्र द्या आणि गणित पुन्हा पुन्हा करायला सांगा. सुरुवातीला आकडे हलतात, मग हळूहळू जागच्या जागी बसतात. आता त्या आकड्यांत सर्वांत मोठा शोधा. तो नेहमी कडेवरच सापडेल. कारण आतले एखादे घर सर्वांत मोठे असेल, तर चार शेजाऱ्यांची सरासरी त्याच्याइतकी यायला ते चारही शेजारी तेवढेच मोठे असावे लागतात. मग त्यांचेही शेजारी तेवढेच, असे करत करत आपण कडेपर्यंत पोहोचतो. म्हणजे आतला सर्वांत मोठा आकडा कडेवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढे कधीच जात नाही. याला गणितात 'मॅक्सिमम प्रिन्सिपल' म्हणतात.

आणखी एक गंमत. पत्र्याची एक कड १०० अंशांवर आणि उरलेल्या तीन शून्यावर ठेवल्या, तर बरोबर मध्यावर किती तापमान असेल? समीकरण सोडवायची गरज नाही. असे चार पत्रे कल्पनेत घ्या, प्रत्येकाची वेगळी कड तापलेली. चौघांची तापमाने एकावर एक मिळवली तर चारही कडा १०० अंशांच्या होतात, आणि तसा पत्रा आत सगळीकडे १०० अंशांचाच असणार. चारही पत्र्यांचा मध्य सारखाच, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला २५. उत्तर २५ अंश. मुलांना हे जरूर विचारा.

लाप्लासचे समीकरण हे एका मोठ्या कुटुंबातले थोरले भावंड. त्या कुटुंबाला 'एलिप्टिक पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स' म्हणतात. समुद्राच्या लाटांची समीकरणे वेगळ्या घराण्यातली, तवा तापत जातो त्या वेळची तिसऱ्या घराण्यातली. सगळे तापून, हलून, शांत झाल्यावर जी स्थिती उरते ती एलिप्टिक समीकरणांची. जमिनीखाली एका संथ वेगाने झिरपणारे पाणी, धरणाच्या पायाखालचा पाझर, विजेच्या तारांभोवतीचे क्षेत्र, ग्रहांभोवतीच्या रिकाम्या अवकाशातले गुरुत्वाकर्षण, या सगळ्यांमागे हेच कुटुंब उभे आहे.

पिठाच्या गिरणीतून केंब्रिजला

या समीकरणाच्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस जॉर्ज ग्रीन. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ त्याच्या वडिलांची पिठाची पवनचक्की होती. १७९३ चा जन्म, आणि शाळा मिळाली ती जेमतेम वर्षभर. चक्की चालवता चालवता त्याने गणित शिकून घेतले आणि १८२८ मध्ये वीज आणि चुंबकत्वावर एक निबंध स्वतःच छापला. आगाऊ वर्गणी देऊन तो घेणारे ५१ जण होते. त्यांतल्या बहुतेकांना तो कळला असेल असे वाटत नाही. आज इंजिनीअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असलेले 'ग्रीनचे प्रमेय' त्या निबंधातून आले आणि त्याचे नाव मिळालेले 'ग्रीन फंक्शन'ही.

ग्रीन चाळिसाव्या वर्षी केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. तिथली गणिताची परीक्षा म्हणजे ट्रायपॉस. तिच्यात पहिल्या वर्गात आलेल्यांना 'रँग्लर' म्हणत आणि त्यांची क्रमवार यादी जाहीर होई. पहिला तो सीनियर रँग्लर. १८३७ च्या यादीत ग्रीन चौथा आला. १८४१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याचा निबंध जवळपास विसरला गेला होता. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांच्या हाती त्याच्या प्रती लागल्या. त्यांनी त्या पॅरिसला नेल्या, तिथल्या गणितज्ञांना दाखवल्या आणि मग त्या निबंधाचे मोल जगाला कळले. हार्मोनिक फंक्शन्स, विभव, वीज, चुंबकत्व हे सगळे तिथून केंब्रिजच्या गणिताच्या मुख्य प्रवाहात आले. जेम्स क्लर्क मॅक्सवेल त्याच परंपरेतले.

या यादीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. केल्विन १८४५ मध्ये दुसरे आले. मॅक्सवेल १८५४ मध्ये दुसरे आले. ग्रीन चौथा, आणि १८९८ मध्ये जी. एच. हार्डी, म्हणजे पुढे रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे हार्डी, तेही चौथे. त्या त्या वर्षी पहिला कोण आला, हे आज विषयातल्या माणसालाही शोधावे लागते. १८९० मध्ये तर फिलिपा फॉसेट नावाच्या विद्यार्थिनीचे गुण सीनियर रँग्लरपेक्षा जास्त निघाले. पण स्त्रियांची नावे मुख्य यादीत घालत नसत. 'सीनियर रँग्लरच्या वर' एवढेच जाहीर झाले. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती १९४८ मध्ये.

कोकणातली गुरुपरंपरा

परांजपे केंब्रिजला अचानक उगवले नाहीत. त्यांच्यामागे कोकणातल्या गणितशिक्षकांची एक रांग आहे. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि कुलाब्याच्या वेधशाळेशीही त्यांचा संबंध होता. त्यांच्या मागोमाग केरो लक्ष्मण छत्रे, अलिबागजवळच्या नागावचे. तरुणपणी तेही कुलाबा वेधशाळेत काम करत होते. पुढे ते पुण्यात गणित शिकवू लागले आणि रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. गुहागरकडच्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखलेही फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले.

आणि मग धोंडो केशव कर्वे, मुरुडचे. सरकारी परीक्षेला बसायला ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून तिथे त्यांना बसू दिले नाही, ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचली आहे. कर्वे गणिताचे पदवीधर होते हे मात्र पाठ्यपुस्तक घाईघाईने सांगून पुढे जाते. मुंबईत शाळांत शिकवत असताना त्यांनी परांजप्यांना, म्हणजे आपल्या नात्यातल्या या हुशार मुलाला, मुर्डीहून आपल्या घरी शिकायला आणले. १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले. परांजपेही पुढे फर्ग्युसनमध्ये शिकले. तिथून सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजला, आणि १८९९ च्या ट्रायपॉसमध्ये जॉर्ज बर्टविसल यांच्यासह पहिल्या क्रमांकावर. मुर्डीच्या मराठी शाळेतून सुरू झालेला मुलगा तेविसाव्या वर्षी सीनियर रँग्लर झाला. देशभर कौतुक झाले आणि रँग्लर हा शब्द मराठीत पदवीसारखा नावाआधी लागू लागला. पुढे रँग्लर महाजनी आले, विष्णु वासुदेव नारळीकर आले आणि १९५९ मध्ये त्यांचे चिरंजीव जयंतरावही सीनियर रँग्लर झाले.

याच काळातली दुसरी बाजूही लिहायला हवी. आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव आपल्या तालुक्यातच आहे. परांजपे केंब्रिजला अभ्यास करत होते तेव्हा बाबासाहेब शाळकरी वयाचे होते आणि वर्गात त्यांना वेगळे बसावे लागत होते. मुर्डीच्या गरीब घरातल्या मुलाला वाट दाखवणारे नातलग होते, घरी ठेवून घेणारे होते, शाळेत शेजारी बसू देणारे होते. आंबडव्याच्या मुलाला यातले पुष्कळसे नव्हते. एकाच तालुक्याच्या दोन टोकांची ही दोन गावे. गणितातली हुशारी गावोगाव सारखी वाटलेली असते असे मानले, तर किती जण आधीच दाराबाहेर राहिले असतील याचा विचार करावा. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. ते गणिताचे प्राध्यापक होते म्हणून त्यांनी ते केले असे नाही. पण आमच्या पिढीतल्या मुली इंजिनीअरिंगच्या वर्गात बसल्या, त्याची वाट मुरुडच्या या गणिताच्या मास्तरांनी आखायला घेतली, हे माझ्या मनात पक्के आहे.

पहिला आला, पुढे काय?

आता जो प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो त्याकडे येते. परांजपे सेंट जॉन्सचे फेलो झाले आणि मग परत आले. १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि पुढची वीसेक वर्षे त्यांनी त्या कॉलेजला दिली. मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर, अशी पदे त्यांनी सांभाळली. बुद्धिवादी म्हणून ते परखड बोलत आणि लिहीत. १९६६ मध्ये, नव्वदीत, ते गेले. सई परांजपे त्यांची नात. 'चष्मेबद्दूर' आणि 'कथा' आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

पण या सगळ्यात नवे गणित कुठे आहे? परांजप्यांच्या नावाचे प्रमेय नाही. मला काही जण म्हणाले की एवढी बुद्धी प्रशासनात वाया गेली. मला ते पटत नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण केंब्रिजमध्येच होते. ट्रायपॉस ही शर्यत होती. ठरावीक वेळात ठरावीक तऱ्हेचे अवघड प्रश्न कोण भराभर सोडवतो, याची. त्यासाठी खासगी कोच असत आणि उजळणीवर उजळणी होई. त्याच वेळी युरोपात दुसरीकडे वेगळाच प्रश्न विचारला जात होता. लाप्लासच्या समीकरणाला उत्तर आहे हे सिद्ध कसे करायचे? कडेवरचे आकडे कसेही दिले तरी आत एक नीट उत्तर असेलच, हे कशावरून? पत्र्याला तापमान असते हे डोळ्यांना दिसते, पण ती सिद्धता नव्हे. जर्मनीत रीमान यांनी १८५१ मध्ये एक युक्तिवाद वापरला: साऱ्या शक्य मांडण्यांपैकी ज्या मांडणीची ऊर्जा सर्वांत कमी, तीच उत्तर. त्याला ते आपल्या गुरूच्या नावाने 'डिरिश्लेचे तत्त्व' म्हणत. १८७० मध्ये वायरस्ट्रास यांनी दाखवले की 'सर्वांत कमी' असे काही असलेच पाहिजे, हे गृहीत धरता येत नाही. उतार खाली खाली जात राहील आणि तळ कधी येणारच नाही, असेही होऊ शकते. पायाच हलला. तीस वर्षे तो तसाच राहिला आणि १९०० च्या आसपास गटिंगेनमध्ये हिल्बर्ट यांनी तो पुन्हा भक्कम केला.

तारखा बघा. मुर्डीचे परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले. पुढच्याच वर्षी, १९०० च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसच्या अधिवेशनात हिल्बर्ट यांनी नव्या शतकासाठी प्रश्नांची आपली प्रसिद्ध यादी मांडली. तिच्यातला एकोणिसावा आणि विसावा प्रश्न या एलिप्टिक समीकरणांच्या मुळाशी जाणारा आहे: उत्तर असते का, आणि असले तर ते किती गुळगुळीत असते? त्या यादीतल्या प्रश्नांना गुण नव्हते, वेळ नव्हता आणि पहिला-दुसरा नंबर नव्हता. केंब्रिजमध्येच हार्डी यांच्यासारखे लोक त्या क्रमवार यादीविरुद्ध बोलू लागले. शेवटचा सीनियर रँग्लर १९०९ मध्ये जाहीर झाला. त्यानंतर क्रम जाहीरपणे सांगणे बंद झाले.

दुसरे कारण आपल्याकडे होते. परांजपे परतले तेव्हा इथे नवे गणित करण्यासाठी बसायला जागाच नव्हती. कॉलेज होते, पण ते विद्यार्थ्यांना बी. ए. करण्यासाठी. ताजी नियतकालिके, सोबत विचार करणारी चार माणसे, परदेशातून येऊन दोन महिने राहणारा एखादा तज्ज्ञ, यांतले काही नव्हते. समीकरणाला लागणारा सरासरी काढणारा शेजार, असे म्हटले तरी चालेल. एकटा माणूस कितीही हुशार असला तरी अशा ठिकाणी त्याच्या हातून कॉलेज उभे राहते, प्रमेय नाही. आणि कॉलेज उभे राहिले नसते तर पुढचे काहीच झाले नसते.

मुंबईत १९५७

ती जागा मुंबईत तयार झाली ती १९४५ नंतर. होमी भाभा यांनी टाटांच्या मदतीने टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च स्थापन केली. भौतिकशास्त्राबरोबर तिथे गणिताचाही विभाग सुरू झाला. के. चंद्रशेखरन यांनी त्याची घडी बसवली. पद्धत अशी होती: जगातल्या मोठ्या गणितज्ञांना काही आठवडे मुंबईला बोलवायचे, त्यांनी रोज व्याख्याने द्यायची आणि इथल्या तरुण विद्यार्थ्याने त्यांची नीट टिपणे काढून ती छापायची. टिपणे काढणाऱ्याला विषय पुरता समजल्याशिवाय ते जमत नाही. परीक्षा नव्हती, पण यापेक्षा कडक परीक्षा कोणती?

१९५७ मध्ये फ्रान्सहून जाक-लुई लिआँस आले. वय २९. त्यांनी मुंबईत एलिप्टिक पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स याच विषयावर व्याख्याने दिली. टिपणे बी. व्ही. सिंगबल यांनी घेतली. ती पुस्तिका आजही वाचता येते. ज्या वर्षांत ही व्याख्याने झाली, त्याच सुमारास इटलीत दे जॉर्जी आणि अमेरिकेत जॉन नॅश यांनी एकमेकांना न कळता हिल्बर्टच्या एकोणिसाव्या प्रश्नातली मुख्य अडचण सोडवली. म्हणजे हा विषय जगात सर्वांत तापलेला असताना मुंबईतली पोरे त्याच्याबरोबर चालत होती. १८९९ ते १९५७ ही अठ्ठावन्न वर्षे. मुर्डीहून केंब्रिजला जायला एका मुलाला तेवीस वर्षे लागली. केंब्रिज-पॅरिसमधले चालू गणित मुंबईला यायला आणखी अठ्ठावन्न.

पुढे लिआँस यांच्याच सहकार्याने १९७५ पासून बंगळुरात टाटा इन्स्टिट्यूट आणि तिथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने मिळून उपयोजित गणिताचा कार्यक्रम सुरू केला. आज भारतात या समीकरणांवर काम करणाऱ्यांतले कितीतरी जण त्या वर्गांतून तयार झाले आहेत.

माझ्या कामापर्यंत हा धागा असा येतो. हिल्बर्ट यांचे शिष्य कूरान्ट यांनी १९४३ मध्ये एका लेखात त्याच 'सर्वांत कमी ऊर्जा' या कल्पनेवरून उत्तर काढण्याची एक रीत सुचवली: आकृतीचे लहान लहान त्रिकोण करायचे आणि प्रत्येक त्रिकोणात सोपे सूत्र धरायचे. यातून पुढे 'फायनाईट एलिमेंट' पद्धत वाढली. पूल, बॉयलर, गाडीचा सांगाडा, टर्बाइनचे पाते यांची तपासणी करणारी सॉफ्टवेअर त्यावर चालतात. आमच्या टीममध्ये एखादा नवीन मुलगा विचारतो, त्रिकोण बारीक करत गेल्यावर उत्तर खऱ्या उत्तराकडेच जाईल याची खात्री काय? ती खात्री म्हणजे वायरस्ट्रास यांनी घेतलेली शंका आणि हिल्बर्ट, लिआँस आणि इतरांनी तिला दिलेले उत्तर. संगणक आकडे देतो. ते आकडे कशाचे आहेत, हे सिद्धता सांगते.

अलिबागची वेधशाळा

या सगळ्यात कोकणात बसून होणारे एक काम राहून जायला नको. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि ट्रामच्या प्रवाहाने सुया हलणार हे उघड होते. म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये चुंबकीय मोजमापे अलिबागला सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जुळवता यावी. इमारतीला चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरला.

याचा लाप्लासशी संबंध काय? जिथे विजेचा प्रवाह नाही अशा हवेत पृथ्वीचे चुंबकीय विभव हे हार्मोनिक फंक्शन असते. म्हणून पृष्ठभागावर ठिकठिकाणी घेतलेल्या मोजमापांवरून मधल्या साऱ्या जागांचे चुंबकत्व काढता येते आणि ते मुख्यतः पृथ्वीच्या पोटातून येते हेही सिद्ध करता येते. गाउस यांनी हे १८३९ च्या सुमारास केले. त्यासाठी जगभरातल्या वेधशाळांत कोणीतरी रोज उठून नेमाने आकडे लिहून ठेवावे लागतात. अलिबागच्या माणसांनी ते शतकाहून अधिक काळ केले आहे. त्यांचे नाव कुठल्या गुणवत्ता यादीत लागत नाही.

एक विनंती

आपल्या वेळी बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची. पेपरात फोटो यायचे, पेढे भरवणाऱ्या आईवडिलांसकट. आपल्या शाळेतला कोणी त्यात आला की किती आनंद व्हायचा आणि आला नाही की किती गप्प गप्प वाटायचे, ते आपल्या सगळ्यांना आठवत असेल. पुढे ती यादी बंद झाली, पण यादीची सवय गेलेली नाही.

यंदाच्या मेळाव्यात जमणाऱ्या निधीतून दहावीला गणितात पहिल्या येणाऱ्याला दर वर्षी बक्षीस द्यावे, असे सुचवले गेले आहे. सूचना चांगल्या मनाने आली आहे. तरीही परांजप्यांच्या गोष्टीतून मला जे दिसले ते समितीपुढे ठेवते. पहिला येणारा आपल्या बक्षिसाविना पहिला येतोच. कमी पडते ती जागा आणि सोबत. म्हणून त्या रकमेतून शाळेत गणिताच्या पुस्तकांचे एक कपाट करू या. पाठ्यपुस्तकांचे नाही, वाचायच्या पुस्तकांचे. मंगला नारळीकरांचे 'गणितगप्पा' त्यात पहिले असू द्या. शाळेतल्या संगणकावर मघाचे सरासरीचे गणित मुलांना करू द्या. वर्षातून एकदा आठवी-नववीच्या आठदहा मुलांना, त्यात निम्म्या मुली, पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानला किंवा मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राला दोन दिवस नेऊन आणू या. निवड गुणांवर करू नका. ज्यांना प्रश्न पडतात त्यांना न्या. कोणाला प्रश्न पडतात हे आपल्या शिक्षकांना बरोबर माहीत असते.

एस. टी.चे तिकीट, दोन दिवसांचे जेवण आणि सोबत जाणारे एक शिक्षक, एवढाच खर्च. पुण्यातली राहण्याची व्यवस्था मी आणि आपल्या तुकडीतल्या पुण्यातल्या मैत्रिणी करू. जाताना मुलांना वाट थोडी वाकडी करून मुर्डीवरून न्यावे, एवढी एक अट मात्र माझी आहे.